एकतीस नोव्हेंबर : संगणकाच्या घड्याळातील तारखांचे रूपांतर

नोव्हेंबर महिन्याचे दिवस तीस, हे शाळकरी मुलालाही मुठीच्या उंचवट्यांवर व खळग्यांवर मोजून सांगता येते. तथापि रॉकचिप या चिनी कंपनीच्या आरके ८०८ या क्रमांकाच्या चिपमध्ये जे घड्याळ बसविलेले आहे, त्याच्या हिशेबी नोव्हेंबरचे दिवस एकतीस आहेत. ३० नोव्हेंबरची मध्यरात्र उलटली की हे घड्याळ १ डिसेंबर दाखवीत नाही. ते ३१ नोव्हेंबर दाखविते, आणि एक दिवस उशिराने डिसेंबरात प्रवेश करते. हा दोष आज्ञावलीतील नव्हे, प्रत्यक्ष चिपच्या घडणीतील आहे. विकल्या गेलेल्या चिपा परत बोलावून त्यांच्यातील महिन्याची लांबी बदलणे शक्य नसते. म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये, लिनक्स या संचालनप्रणालीच्या गाभ्यात या घड्याळाशी व्यवहार करणारी जी आज्ञावली आहे, म्हणजे ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तीत एक दुरुस्ती करण्यात आली. दुरुस्ती मोजक्याच ओळींची आहे. परंतु चुकणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे कसे ऐकावे, या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. त्या उत्तराचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

संगणक चालू असतो तोवर वेळेची नोंद त्याची संचालनप्रणाली स्वतःच ठेवते. पण संगणक बंद केला म्हणून काळ थांबत नाही. पुन्हा चालू केल्यावर ‘आज कोणता दिवस’ हे सांगणारे कोणीतरी हवे असते, आणि ते काम अत्यल्प विजेवर अहोरात्र चालणाऱ्या एका लहानशा घड्याळाकडे सोपविलेले असते. आरके ८०८ या चिपचे मुख्य काम संगणकाच्या निरनिराळ्या भागांना योग्य दाबाची वीज वाटून देण्याचे. घड्याळ हे तिचे जोडकाम आहे. या घड्याळात सेकंद, मिनिटे, तास, दिवस, महिना व वर्ष यांसाठी एकेक स्वतंत्र कप्पा, म्हणजे रजिस्टर, असते. कप्प्यांतील आकडे दशमान पद्धतीनेच पण अंकशः लिहिलेले असतात. २५ ही संख्या द्विमान पद्धतीत एकसंध न लिहिता २ साठी चार बिट आणि ५ साठी चार बिट असे वेगळे मांडतात. वर्षाच्या कप्प्यात केवळ शेवटचे दोन अंक मावतात. त्यांच्या आधीचे ‘२०’ ड्रायव्हरने आपल्या पदरचे घालावयाचे असते.

उलटपक्षी संचालनप्रणालीला महिना आणि वर्ष यांचे फारसे सोयरसुतक नसते. तिचा सारा हिशेब १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून लोटलेल्या सेकंदांत चालतो. एकीकडे नावांची भाषा बोलणारे घड्याळ, दुसरीकडे केवळ संख्येची भाषा जाणणारी प्रणाली, आणि दोहोंच्या मध्ये ड्रायव्हर हा दुभाषी, अशी ही व्यवस्था आहे. घड्याळाने सांगितलेल्या तारखेचे दिवसांच्या एका अखंड संख्येत रूपांतर करावयाचे, तिला ८६,४०० ने गुणून त्यात त्या दिवसाचे लोटलेले सेकंद मिळवावयाचे, आणि घड्याळ लावण्याची वेळ आली म्हणजे हीच क्रिया उलट दिशेने करावयाची, एवढेच दुभाष्याचे काम.

तारखा ताडून पाहण्याची ही रीत आपल्याकडे अपरिचित नाही. भारतीय ज्योतिषातील ‘अहर्गण’ म्हणजे हीच दिवसांची अखंड संख्या. ठरविलेल्या एका आरंभापासून किती दिवस लोटले ते काढावे आणि त्यावरून ग्रहांची स्थाने साधावीत, अशी ती परंपरा आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथात, अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले आहे. संगणकाचे १ जानेवारी १९७० आणि गणेश दैवज्ञाचे शके १४४२ यांचे तार्किक स्थान एकच आहे. दोन्ही आरंभ मानवाने सोयीसाठी निवडलेले. सृष्टिक्रमात त्यांना विशेष महत्त्व नाही. मात्र एकदा निवडल्यानंतर त्यांत बदल करता येत नाही.

दिवसाचे नाव आणि दिवसांची संख्या यांची सांगड घालताना चूक होण्याची जागा बहुधा एकच असते, आणि ती भाषेच्या अभ्यासकाला चटकन ओळखता यावी. ‘तीन दिवस’ आणि ‘तिसरा दिवस’ यांत मराठी स्पष्ट भेद करते. पहिला शब्दप्रयोग संख्यावाचक, दुसरा क्रमवाचक. तिसरा दिवस चालू असताना पुरे झालेले दिवस दोनच असतात. शिलालेखांच्या वाचकांना या भेदाची झळ ‘गत’ शक व ‘वर्तमान’ शक या रूपाने लागलेली आहे. कोणता आकडा अभिप्रेत आहे हे लेखात सांगितलेले नसले म्हणजे वर्ष एकाने मागेपुढे होते. व्यवहारात मात्र आपण ‘३१ डिसेंबर’ असा संख्यावाचकाच्या वेषातील क्रमवाचक वापरतो, आणि आज्ञावली लिहिणारा या वेषाला सहज फसतो.

३१ डिसेंबर २००८ रोजी अशा फसगतीचे एक उदाहरण जगापुढे आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये विक्रीस आणलेली झून नावाची, तीस गिगाबाइटची संगीत ऐकण्याची यंत्रे त्या दिवशी एकाएकी गोठली. सुरू करताच आरंभीचे चित्र दिसे आणि यंत्र तेथेच थांबे. आरके ८०८ च्या अगदी उलट प्रकार येथे झाला होता. झूनमधील घड्याळाची चिप फ्रीस्केल कंपनीची असून ती महिना-वर्षांच्या भानगडीत मुळीच पडत नसे. दिवसांची संख्या तेवढी ती इमानाने मोजी. चूक होती ती दुभाष्याची. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरला म्हणजे ३१ डिसेंबर २००८ हा १०,५९३ वा दिवस ठरतो. ड्रायव्हर या संख्येतून एकेका वर्षाचे दिवस वजा करीत २००८ पर्यंत आला की हाती ३६६ उरत. दिवस ३६५ हून अधिक असतील तोवर आवर्तन चालू ठेवावे, अशी त्याला आज्ञा होती. वर्ष लीप असल्यास दिवस ३६६ हून अधिक असतील तरच ३६६ वजा करावेत, अशीही आज्ञा होती. हाती बरोबर ३६६ असता पहिल्या आज्ञेने आवर्तन संपेना आणि दुसऱ्या आज्ञेने वजाबाकी होईना. वजाबाकी नाही, सुटकाही नाही, अशा अवस्थेत आज्ञावली तोच प्रश्न स्वतःला अखंड विचारीत राहिली. २००६ व २००७ ही वर्षे लीप नसल्यामुळे तोवर हा प्रसंगच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी हाती ३६७ आले, ३६६ वजा झाले आणि १ जानेवारी २००९ हे उत्तर बिनतक्रार निघाले. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेप्रमाणे दुपारनंतर यंत्र पुन्हा सुरू करावे, हा कंपनीने ग्राहकांना दिलेला सल्ला त्यामुळेच यथार्थ ठरला.

या दोषाच्या दुरुस्तीतही एक खाच आहे. ‘३६६ हून अधिक’ याऐवजी ‘३६६ किंवा अधिक’ असे लिहिले की आवर्तन संपते खरे. परंतु हाती शून्य उरते आणि वर्ष २००९ होते. म्हणजे ३१ डिसेंबर २००८ ऐवजी ० जानेवारी २००९. ३६६ वा दिवस हा चालू वर्षाचाच दिवस असल्याने तेथे वजाबाकी न करता आवर्तन सोडून बाहेर पडणे हीच योग्य दुरुस्ती होय. क्रमवाचकाला संख्यावाचक समजण्याची मूळ चूक कायम ठेवून नुसते चिन्ह बदलले तर चूक एका दारातून दुसऱ्या दारात जाते, एवढेच.

आता मूळ विषयाकडे वळू. झूनमध्ये घड्याळ विश्वासू आणि दुभाषी चुकार होता. आरके ८०८ मध्ये घड्याळच चुकते, आणि दुभाष्याने काही केले नाही तर ती चूक पुढे जशीच्या तशी पोहोचते. प्रथम तिचे परिणाम पाहू. ३१ नोव्हेंबर ज्या दिवशी येईल त्या दिवशी घड्याळाचे उत्तर ग्राह्यच धरता येत नाही. वाचलेली तारीख त्या महिन्यात असू शकते काय हे पडताळून पाहण्याची सोय लिनक्समध्ये आहे, आणि त्या कसोटीला ३१ नोव्हेंबर उतरत नाही. ही अडचण एक दिवसाची, आणि उघड दिसणारी. त्यानंतर येणारी अडचण अधिक वाईट, कारण ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ १ डिसेंबर दाखविते. ही तारीख सर्वस्वी निर्दोष दिसते. परंतु त्या दिवशी जगात २ डिसेंबर असतो. पुढे कोणी दुरुस्त केले नाही तर वर्षागणिक एकेक दिवस मागे पडत जातो. जालावरील सुरक्षित व्यवहारासाठी जी डिजिटल प्रमाणपत्रे वापरतात त्यांवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाची तारीख मागे असली तर नुकतेच दिलेले प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो ते नाकारतो. फायलींवरील तारखा चुकतात ते वेगळेच. जालाशी जोडणी झाल्यावर संगणक खरी वेळ विचारून घेऊ शकतो हे खरे. पण जोडणी होईपर्यंत त्याला आपल्या घड्याळावाचून अन्य आधार नसतो.

सहज सुचणारा उपाय असा की, घड्याळ ३१ नोव्हेंबर दाखवू लागले की ड्रायव्हरने ते तत्काळ पुढे सरकवून १ डिसेंबरवर आणावे. संगणक त्या दिवशी चालू असेल तर हा उपाय चालतो. पण ज्या काळात संगणक बंद असतो त्या काळासाठीच तर घड्याळाची गरज! समजा, एखादा संगणक ऑक्टोबर २०१७ मध्ये मिटून ठेवला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडला. घड्याळ मधल्या काळात चालूच राहिले. या अवधीत चार नोव्हेंबर येऊन गेले आणि त्यांपैकी एकाही वेळी दुरुस्ती झाली नाही. आता घड्याळाने सांगितलेल्या तारखेत किती दिवस मिळवावयाचे? मागील दुरुस्ती केव्हा झाली हे ठाऊक असल्याखेरीज याचे उत्तर देता येत नाही, आणि ती नोंद घड्याळात नाही. ती डिस्कवर ठेवावी तर डिस्क पुसली जाते, बदलली जाते, तिच्यावर दुसरी प्रणाली घातली जाते. जो उपाय अंमलात येण्यासाठी दर वर्षी ठराविक दिवशी कोणीतरी जागे असावे लागते, तो घड्याळाच्या बाबतीत उपायच नव्हे.

दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याने म्हणून वेगळा मार्ग स्वीकारला. त्याने घड्याळाला सुधारण्याचा नाद सोडला आणि त्याचे म्हणणे एका स्वतंत्र पंचांगातील विधान म्हणून मान्य केले. या पंचांगात नोव्हेंबरला एकतीस दिवस आहेत. बाकी सारे, लीप वर्षाच्या नियमासह, ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणेच आहे. ज्या पंचांगाचा नियम निश्चित आहे त्यातील प्रत्येक दिवस दुसऱ्या पंचांगात नेमकेपणाने सांगता येतो. चूक जर दर खेपेस त्याच जागी आणि तेवढीच होत असेल, तर ती चूक न राहता नियम बनते. भाषांच्या तुलनेत हा अनुभव नित्याचा आहे. संस्कृत ‘शतम्’मध्ये जेथे श आहे तेथे लॅटिनमध्ये क आढळतो, म्हणून लॅटिन बोलणारे श चुकीचा उच्चारीत असे कोणी म्हणत नाही. दोहोंतील संबंध नियमित आहे एवढे सिद्ध झाले म्हणजे एका रूपावरून दुसरे रूप काढता येते.

दोन पंचांगांची तुलना करावयाची तर ती कोणत्या तरी एका दिवशी जुळत होती असे मानावे लागते. हा आधारदिन १ जानेवारी २०१६ असा ठरविण्यात आला. तसा तो स्वेच्छेने निवडलेला आहे, आणि आज्ञावलीतील टीपेतही तसे मोकळेपणाने म्हटले आहे. परंतु दुरुस्ती २०१५ च्या डिसेंबरात होत होती, हे ध्यानात घेता या निवडीतील व्यावहारिक शहाणपण दिसून येते; त्या सुमारास बरोबर लावलेले घड्याळ नव्या नियमाखालीही बरोबरच राहते.

आधारदिनापासून घड्याळाने नोव्हेंबरातून डिसेंबरात जितक्या वेळा प्रवेश केला असेल तितके दिवस ते मागे असणार. ही संख्या काढण्याची रीत फार सोपी आहे : घड्याळाच्या वर्षातून २०१६ वजा करावेत, आणि महिना डिसेंबर असल्यास त्यात एक मिळवावा. मराठी वाचकाला हिचा साचा नवा वाटू नये. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, परंतु पौषाच्या सुमारास जानेवारी उजाडला म्हणजे मिळवावयाचा आकडा ७९ होतो. वर्षांमधील स्थिर फरक, आणि वर्षातील एक सीमा ओलांडली की त्यात एकाची भर, हेच येथेही आहे. भेद इतकाच की शक व इसवी सन यांतील फरक ७८-७९ वर स्थिरावलेला आहे, तर येथील फरक दर साली वाढतो.

उदाहरणार्थ, घड्याळ ५ जानेवारी २०२६ दाखवीत असेल तर २०२६ वजा २०१६ म्हणजे १०. महिना डिसेंबर नसल्याने भर नाही. ५ जानेवारीत १० दिवस मिळविले की खरी तारीख १५ जानेवारी २०२६ येते. घड्याळ २२ नोव्हेंबर २०२५ दाखवीत असेल तर फरक ९, आणि खरी तारीख १ डिसेंबर २०२५. आणि ते ३१ नोव्हेंबर २०२५ दाखवीत असेल तर? दिवसांची अखंड संख्या काढणारे सूत्र महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढे नुसती बेरीज करीत असते. ३१ नोव्हेंबर हे त्याला ३० नोव्हेंबरच्या पुढचा दिवस, अर्थात १ डिसेंबर, म्हणूनच दिसते. त्यात ९ मिळविले की १० डिसेंबर २०२५. या ठिकाणी वेगळा अपवाद लिहावा लागलेला नाही, आणि सूत्राच्या या भोळेपणाचा लाभ जाणूनबुजून घेतल्याचेही टीपेत नमूद आहे. वाराची चिंताही करावी लागत नाही. १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता. दिवसांची संख्या हाती आली की तिला सातांनी भागून वार निघतो.

उलट दिशेचे रूपांतर, म्हणजे जगाच्या तारखेवरून घड्याळाची तारीख काढणे, अधिक अवघड आहे. याचे कारण असे की, किती सीमा ओलांडल्या हे घड्याळाच्या पंचांगात मोजावयाचे असते, आणि हाती असते ती जगाची तारीख. दोन्ही पंचांगांतील नोव्हेंबर-डिसेंबरची सीमा एकाच दिवशी पडत नाही. २०२५ साली जगाने ती ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री ओलांडली. घड्याळाने ओलांडली ती जगाच्या १० डिसेंबरच्या मध्यरात्री. मधल्या दहा दिवसांत जगात डिसेंबर आणि घड्याळात अजून नोव्हेंबरच होता. त्या दहा दिवसांत जगाच्या तारखेवरून फरक मोजला तर तो एकाने जास्त भरतो.

येथे ‘आधी वजा करून पाहावे, मग ताळा घ्यावा’ अशी युक्ती वापरलेली आहे. १० डिसेंबर २०२५ घ्या. जगाच्या तारखेप्रमाणे फरक १०. वजा करता ३० नोव्हेंबर येतो. आता आलेल्या तारखेप्रमाणे फरक पुन्हा मोजला तर तो ९ भरतो. म्हणजे मागे जाताना सीमा ओलांडली गेली आणि एक दिवस अधिक वजा झाला. तो परत द्यावयास हवा. परंतु तो दिवसांच्या संख्येत मिळवून पुन्हा तारीख काढली तर ३० नोव्हेंबरनंतर १ डिसेंबरच येईल, कारण ते सूत्र ग्रेगोरियन पंचांगाचे असून त्याला ३१ नोव्हेंबर ठाऊकच नाही. म्हणून महिना नोव्हेंबर आला असेल तर संख्येला हात न लावता तारखेच्याच आकड्यात एक मिळविण्यात येतो. ३० चे ३१ होतात आणि घड्याळाला हवी ती तारीख मिळते. फरक पुरेसा वाढून मागे जाताना नोव्हेंबरही मागे पडत असेल, तर मात्र एक दिवस कमी वजा करून नेहमीच्याच सूत्राने तारीख काढतात. जगातील प्रत्येक दिवसाला घड्याळात एक आणि एकच तारीख, व घड्याळातील प्रत्येक तारखेला जगात एक आणि एकच दिवस, ही रूपांतराची मूळ अट अशा रीतीने पाळली जाते. एकही दिवस गळत नाही, कोणताही दुहेरी होत नाही.

ही युक्ती सन २३८१ पर्यंत चालेल, अशी एक लहानशी टीप आज्ञावलीत आहे. वाचणाऱ्याला ती गमतीची वाटते, पण तिला आधार आहे. दर वर्षी एक दिवस मागे पडणारे घड्याळ ३६५ वर्षांनी एक पूर्ण वर्ष मागे पडेल. मग मागे जाताना एकाऐवजी दोन सीमा ओलांडल्या जातील आणि एक दिवस परत देऊन ताळा बसणार नाही. अर्थात घड्याळाच्या वर्षाचा कप्पा दोन अंकी असल्याने ते २०९९ च्या पुढे जाणारच नाही. घर राहावयाचे नाही तेथपर्यंत छपराची हमी दिलेली आहे म्हणावयाचे.

गजराची गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. ठरलेल्या वेळी संगणकाला जागे करण्यासाठी घड्याळात गजराची तारीख लिहून ठेवता येते, आणि ती जुळली की नाही हे चिप स्वतःच पाहते. त्या क्षणी ड्रायव्हर झोपलेला असतो. म्हणून गजराची तारीख घड्याळाच्याच पंचांगात लिहावी लागते. १० डिसेंबर २०२५ चा गजर चिपमध्ये ‘३१ नोव्हेंबर’ असा लिहिला गेला पाहिजे. तसा तो न लिहिता ‘१० डिसेंबर’ असा लिहिला तर तो जगाच्या २० डिसेंबरला वाजेल. ड्रायव्हरमध्ये वेळ वाचणे, वेळ लावणे, गजर वाचणे व गजर लावणे या चारही ठिकाणी रूपांतर घातलेले आहे ते याचसाठी.

‘नोव्हेंबर’ या शब्दाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. लॅटिन ‘नोवेम्’ आणि संस्कृत ‘नवन्’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असल्याने नोव्हेंबर हा नववा महिना होता. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला, पण नाव जुनेच राहिले. दिवसांच्या संख्येवरून तारीख काढण्याचे लिनक्समधील सूत्र २०२१ मध्ये नव्याने लिहिण्यात आले तेव्हा शीघ्रगणितासाठी वर्ष पुन्हा १ मार्चपासूनच मोजण्यात आले. २९ फेब्रुवारी हा अनियमित दिवस त्यामुळे वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या महिन्यांच्या हिशेबात लुडबुड करीत नाही. गणिताच्या आतल्या बाजूस का होईना, नोव्हेंबर पुन्हा नववा झाला आहे.

दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या निवेदनात, तेरावा पोप ग्रेगरी याने १५८२ मध्ये केलेल्या पंचांगसुधारणेचे नाव घेऊन, या चिपच्या कर्त्यांनीही तशीच नवी सुधारणा केली आहे आणि ती सर्व धर्मांना व सर्व प्रणालींना मान्य होण्यास काही काळ लागेल, अशा अर्थाचा विनोद केला आहे. विनोदाच्या जोडीला एक गंभीर इशाराही आहे. त्याच घड्याळाशी संगणकातील अन्य आज्ञावलीही बोलत असते. विशेषतः संगणक सुरू होताना सर्वांआधी चालणारे फर्मवेअर. त्याने वेगळा आधारदिन धरला, किंवा रूपांतर मुळीच केले नाही, तर एकाच घड्याळाच्या त्याच आकड्यांतून दोघे दोन दिवस वाचतील. फर्मवेअरने ‘आपल्या’ पद्धतीने घड्याळ लावून दिले तर ड्रायव्हर त्यात पुन्हा दिवस मिळवील आणि तारीख खऱ्याच्या पुढे जाईल. आकड्यांकडे पाहून ते कोणत्या पंचांगातले आहेत हे ओळखता येत नाही. ३१ नोव्हेंबर हा वर्षातील एकच दिवस असा की जो आपले पंचांग स्वतः सांगतो. उरलेले सर्व दिवस मुके असतात.

शिवकालाच्या अभ्यासकांना ही स्थिती नवखी नाही. पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले होते; इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. सतराव्या शतकात त्यामुळे सुरतेच्या वा मुंबईच्या इंग्रजाने लिहिलेली तारीख आणि त्याच दिवशी गोव्याच्या पोर्तुगीजाने लिहिलेली तारीख यांत १० दिवसांचे अंतर पडे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या राज्याभिषेकाच्या दिवसाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या, ज्यूलियन पंचांगातील आहे. ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे तो दिवस १६ जून होय. तिथीची नोंद उपलब्ध असल्याने तेथे ताळा घेता येतो. २०२५ च्या डिसेंबराच्या मध्यापासून आरके ८०८ चे घड्याळही जगाच्या बरोबर १० दिवस मागे गेले. परंतु त्याच्या कप्प्यांत तिथी नाही, आणि ताळा घेण्यासाठी १ जानेवारी २०१६ या संकेताखेरीज दुसरे काही नाही. म्हणून तो संकेत ड्रायव्हरच्या मजकुरातच, आरंभीच्या टीपेत, लिहून ठेवण्यात आला आहे : हे घड्याळ वाचणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने हेच रूपांतर, याच आधारदिनासह, करावे.